लाल पट्टी जागेवर

मी चौतीस वर्षं वेधशाळेत नोकरी केली आणि चौतीस वर्षं एकच काम केलं. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला पांढऱ्या जाळीदार पेटीसमोर उभं राहायचं, आतले थर्मामीटर वाचायचे आणि वहीत आकडे लिहायचे. ताप असो, संप असो, मेव्हण्याचं लग्न असो, त्या दोन वेळांना मी पेटीसमोर. मेव्हणा अजून बोलून दाखवतो. त्याच्या लग्नाच्या फोटोत मी नाही, कारण फोटो काढले तेव्हा साडेपाच वाजले होते.

या नोकरीने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, दिसेल ते लिहायचं, वाटेल ते नाही. चुकलं तर खोडरबर लावायचं नाही. आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. दुसरी, हात हलका ठेवायचा. थर्मामीटर काचेचा असतो, त्याच्या आत पारा असतो आणि त्याच्यावर साहेब असतो. चौतीस वर्षांत माझ्या हातून एकही फुटला नाही. हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की मी नुसतं 'चौतीस' म्हटलं की बायको उठून आत जाते.

बायको पोस्टात होती. काउंटरवर शिक्के मारायची. तिच्या शिक्क्याचा आवाज बाहेर सायकल लावणाऱ्याला ऐकू जायचा. नोकरी संपली, पण हात तोच राहिला. आमच्याकडे कपाटाचं दार लागत नाही, आदळतं. बरणीचं झाकण तिने लावलं की ते तिनेच काढायचं; दुसऱ्या कुणाच्या बापाला उघडत नाही. संसारात मी सगळ्यात जास्त वेळा कुठलं वाक्य बोललो असेन, तर "अगं, हळू."

आमची लेक, बिट्टी, हाताने माझ्यावर गेली. बोटं अशी की सुकायला आलेलं फूल उचललं तरी पाकळी पडायची नाही. ती दात बनवते. म्हणजे दातांच्या एका लॅबसाठी ती कॉम्प्युटरवर दात आखते, लॅबमधलं यंत्र ते कोरून काढतं आणि मग ते कुणाच्या तरी तोंडात बसतात. पूर्वी ती तिकडेच, बसने सात तासांवर, हॉस्टेलवर राहून हे काम करायची. दोन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभरासाठी म्हणून आली आणि घरूनच काम करायला लागली. ती नव्हती त्या चार वर्षांत आम्ही दोघं नवराबायको एकमेकांशी फार सभ्यपणे वागायला लागलो होतो. ती आल्यावर पुन्हा व्यवस्थित भांडायला लागलो. मला त्यातच बरं वाटतं.

आता मूळ गोष्ट. पाच महिन्यांपूर्वी बिट्टीला तीस वर्षं पूर्ण झाली. तिचं मशीन मोठ्या कामाला दमतं, असं ती एकदा जेवताना म्हणाली होती. एकेका दाताच्या कॅपला अडचण नाही, पण पूर्ण कवळी उघडली की ढिम्म हलत नाही. मेमरी कमी पडते, रॅमची आणखी एक पट्टी हवी. मी ते लक्षात ठेवलं. दुकानात गेलो, मशीनचा नंबर कागदावर लिहून नेला होता तो दाखवला आणि पट्टी आणली. बोटापेक्षा थोडी लांब, अंगावर लालभडक झाकण. दुकानदार म्हणाला, "काका, माणूस पाठवतो बसवायला." मी म्हटलं, "काही गरज नाही. मी चौतीस वर्षं..." वगैरे.

मीच बसवली. वायर काढली, काचेचं दार काढलं, पट्टीबरोबर आलेला सूचनांचा कागद वाचला आणि काळ्या जुन्या पट्टीशेजारच्या मोकळ्या खाचेत लाल पट्टी अलगद ठेवली, वरून दोन बोटांनी टेकवली. मशीन चालू केलं तर मेमरीचा आकडा दुप्पट! बिट्टीने उडीच मारली. मशीनच्या डब्याची एक बाजू काचेची असल्यामुळे ती लाल पट्टी बाहेरूनही दिसायची. नोकरी सुटल्यापासून माझ्या हातून झालेलं हे पहिलं कामाचं काम. खोटं कशाला बोला, मी दिवसातून दोनदा काहीतरी निमित्त काढून तिच्या खोलीत जायचो आणि त्या पट्टीकडे बघून यायचो. वेळा सांगायला नकोत.

मग मशीन पडायला लागलं. बिट्टी एखादी दाढ फिरवून बघतेय, आणि एकदम सगळी स्क्रीन निळी. त्यावर आडवा पडलेला रडका चेहरा. काम गेलं. पुन्हा चालू करा, पुन्हा आखा, पुन्हा निळं.

दुरुस्तीवाल्याला आमच्या घरात फॉरमॅटराव म्हणतात, कारण मशीनला काहीही झालं तरी तो फॉरमॅट करतो. तो तीनदा आला. पहिल्यांदा म्हणाला व्हायरस, आणि फॉरमॅट केलं. दुसऱ्यांदा म्हणाला गरम होतंय, आणि फुंकणीसारख्या यंत्राने धूळ उडवून फॉरमॅट केलं. तिसऱ्यांदा व्होल्टेजला दोष दिला. "रॅमचं काही नसेल ना?" असं बिट्टीने विचारलं तेव्हा त्याने काचेतून बघितलं आणि म्हणाला, "छे, ती तर नवीकोरी आहे." मी मान डोलावली. मला तो माणूस पहिल्यांदाच हुशार वाटला.

फॉरमॅटरावाच्या पहिल्या फेरीनंतर मी वही घातली. आजार ओळखायचा तर आधी नोंद हवी, हे काय मला कुणी शिकवायला हवं? बिट्टीच्या टेबलाशेजारी खिळा ठोकला, त्याला वही अडकवली, वहीला दोरीने पेन्सिल बांधली. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, कुठलं काम उघडं होतं, पडलं की नाही. बिट्टीने पडल्याची वेळ लिहायची, बाकीचं मी साडेआठला आणि साडेपाचला जाऊन लिहायचो. शेवटच्या रकान्यात उपकरणं ठीक आहेत का ते. तिथे मी दर वेळी लिहायचो, 'लाल पट्टी जागेवर.' तेवढं लिहायला मला आवडायचं, एवढंच त्याचं कारण.

पट्टी बसवून तेव्हा तीन आठवडे झाले होते. म्हणजे वहीत 'आधीचं' काही नव्हतंच. वेधशाळेत कुणी अशी वही आणली असती तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

गेल्या सोमवारी लॅबवाल्या बाईंचा फोन आला. बाई वाईट नाहीत, पण तोंडाने फटकळ. दोन मोठी कामं उशिरा गेली होती.

"हे बघ," त्या म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता. "वरची-खालची पूर्ण कवळी आहे, अठ्ठावीस दात. शुक्रवारी संध्याकाळी सहाला फाइल माझ्याकडे हवी. नाही आली तर पुढल्या महिन्यापासून बाडबिस्तरा घेऊन इकडे ये आणि इथल्या मशीनवर बस. तुझं काम मला सोडायचं नाही, पण तुझं मशीन मला सोसवत नाही."

बिट्टी हो म्हणाली. मी साडेपाचची नोंद करायला उभा होतो. आकडा लिहिताना हात थांबला. सात तास. पुन्हा ते सभ्य जेवण, पुन्हा आम्ही दोघं एकमेकांना "भाजी वाढू का?" विचारतोय. मला ते नको होतं. स्पष्ट सांगतो, मला ती इथेच हवी होती.

मंगळवारी मी वही घेऊन बसलो. सगळ्या नोंदी एका मोठ्या कागदावर उतरवल्या. मोठ्या कामाच्या दिवशी मशीन केव्हाही पडत होतं. पण एकेका कॅपच्या दिवशी ते पडायचं फक्त सकाळी साडेआठच्या सुमाराला आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळात एकदाही नाही! ऊन नाही, व्होल्टेज नाही, गरमी नाही. भर दुपार, आणि मशीन गुण्यागोविंदाने चाललेलं.

मी कागद बायकोपुढे धरला. तिने चष्मा लावला, बोट फिरवत वर-खाली वाचलं आणि हसायला लागली.

"अहो, सापडला की रोग! तुम्ही खोलीत गेलात की ते पडतं."

"काहीतरीच काय?"

"मी कुठे म्हणतेय? तुमची वही म्हणतेय."

खरं सांगायचं तर वही तसंच म्हणत होती. मला राग आला, पण आकड्यांवर रागावून चालत नाही. ताडून बघायचं ठरवलं. आडवेळी खोलीत जायचं आणि मशीन पडतं का बघायचं.

बुधवारी दुपारी दोनला गेलो. जेवून बिट्टी दहा मिनिटं गच्चीत फेऱ्या मारते, ती वेळ. खोलीत कुणी नाही. मशीन चालू. स्क्रीनवर एक दाढ सावकाश फिरत होती. मी उभा राहिलो. पडलं नाही. बरं वाटलं. सवयीने काचेतून आत बघितलं.

आत काळी पट्टी होती. लाल नव्हती.

आधी वाटलं, डोळे गेले. चष्मा पुसला, खाली वाकलो. खाच रिकामी. टेबलावर बिट्टीची प्लास्टिकची डबी होती, जिच्यात ती नमुन्याचे दात कापसात ठेवते. झाकण उघडलं. दातांच्या शेजारी, कापसाच्या वेगळ्या थरावर, माझी लाल पट्टी झोपवलेली.

सगळं एका क्षणात कळलं. ती पट्टी काढली की मशीन नीट चालतं. घातली की पडतं. मी साडेआठला येतो तेव्हा ती घातलेली असते, साडेपाचला येतो तेव्हा घातलेली असते, आणि मधे ती डबीत असते. कवळीच्या कामाला मेमरी पुरत नाही म्हणून त्या दिवशी ती घालावीच लागते, आणि त्या दिवशी सगळा विचका. रोग माझ्या भेटीत होता. आणि माझी पोर तो माझ्यापासून लपवत होती.

वही खिळ्याला होती. काहीच न लिहिता निघून जावं, असं वाटलं. दोन ही काही माझी वेळ नव्हे, कुणी विचारलं नसतं. पण पेन्सिल हातात आली. लिहिलं, 'दुपारी दोन. लाल पट्टी जागेवर नाही.' सही केली आणि आमच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो.

साडेपाच वाजले. मी उठलो नाही. बायको दारात आली.

"अहो, साडेपाच! बरं नाही का? डॉक्टरला फोन करू?"

"मी ठीक आहे."

"ठीक असता तर इथे पडला असता का?"

तिच्या मागून बिट्टी आली. हातात वही. पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि माझ्या पायावरची चादर सारखी करत राहिली.

"बाबा, दोन वाजता तुम्ही कधीच येत नाही."

"म्हणून तर आलो. किती दिवस चाललंय हे?"

"वही सुरू झाली त्या आठवड्यातच लक्षात आलं होतं."

"आणि मी इतके महिने बावळटासारखा 'जागेवर, जागेवर' लिहीत बसलो!"

"ते खरंच होतं ना. तुम्ही यायचात तेव्हा असायचीच."

मी उठून बसलो. "अगं, सांगायचं! खराब आहे म्हणून सांगितलं असतंस तर त्याच दिवशी बदलून आणली असती. तुझी कामं बुडतायत, बाई घालूनपाडून बोलतायत, तू निघालीस सात तास लांब, आणि एका पट्टीसाठी तू तोंड उघडत नाहीस? मला काय लहान मूल समजता तुम्ही?"

"हो," बायको दारातून म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस. तुला तरी हे—" आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मी थांबलो. "तुला माहीत होतं?"

"सव्वापाचला तिला हाक कोण मारत होतं? कामात ती वेळ विसरते. 'बिट्टे, सव्वापाच!' म्हणून ओरडायची मी रोज. तुम्हाला वाटायचं, चहाला बोलावते."

मला खरंच तसं वाटायचं.

बिट्टी म्हणाली, "बाबा, तुम्ही खोलीत आलात की आधी पट्टीकडे बघायचात आणि मग माझ्याकडे. नोकरी सुटल्यावर वर्षभर तुम्ही साडेआठला नुसते गॅलरीत उभे राहायचात. मला ते बघवायचं नाही. पट्टी आणल्यावर तुम्ही परत... मला वाटलं, चालवून घेऊ. कवळ्या काय, महिन्यातून एखादी असते. बाईंचा फोन येईपर्यंत चाललंच होतं की."

राग तर होताच, पण मी मनातल्या मनात मोजायला लागलो. रोज दोनदा. मशीन बंद करायचं, दार काढायचं, पट्टी काढायची, कापसात ठेवायची, वेळ झाली की परत घालायची. माझ्यासाठी कुणी इतका खटाटोप कधी केला नव्हता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"उद्या सकाळी बघू," मी म्हटलं. "पण नीट बघू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि दिसेल ते लिहायचं. पट्टी खराब निघाली तर खराब लिहायचं. कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही."

गुरुवारी सकाळी साडेआठला आम्ही दोघं मशीनपुढे बसलो. बिट्टीने रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला होता. तो मेमरीच्या प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी लिहितो आणि परत वाचून बघतो. जे लिहिलं तेच वाचलं गेलं नाही तर लाल ओळ टाकतो. मला हा प्रोग्रॅम फार आवडला. आमच्या खात्यातलाच वाटला.

दोन्ही पट्ट्या घालून चालवला. पाच मिनिटांत लाल ओळींची रांग लागली. बिट्टीने माझ्याकडे न बघता वहीत लिहिलं.

मग लाल पट्टी एकटीच, पण काळीच्या खाचेत. मी खुर्चीच्या कडेला बसलो होतो. दहा मिनिटं गेली, वीस गेली, तासाभराने फेरी पूर्ण झाली. एकही चूक नाही.

"पुन्हा चालव," मी म्हटलं. पट्टीवर अविश्वास म्हणून नव्हे, पद्धत म्हणून.

पुन्हा निर्मळ. मग बिट्टीने काळी पट्टी घेतली, ती दुकानातून मशीनबरोबरच आलेली, दोन वर्षं एका शब्दाने न कुरकुरलेली, आणि ती लालच्या खाचेत बसवली. तीन मिनिटांत लाल ओळी!

मी उभा राहिलो. "बघ! पट्टीचं काही नाही! माझी पट्टी निर्दोष आहे!" साठी उलटलेल्या माणसाने नाचू नये म्हणतात, पण मी थोडा नाचलोच. पाच महिन्यांचा आळ उतरला होता, तोही मला आळ आहे हे कळून जेमतेम एक दिवस झाला असताना.

बिट्टी नाचत नव्हती.

"बाबा, पट्टी चांगली आहे म्हणजे ती खाच खराब आहे. खाच मदरबोर्डवर असते. ती बदलता येत नाही. सगळा बोर्डच बदलावा लागतो. बोर्ड मागवायचा, यायला आठवडा."

"मग एकाच खाचेवर?"

"कवळी उघडणार नाही."

मी परत खाली बसलो. खटला जिंकलो होतो आणि पोर चालली होती. उद्या संध्याकाळी सहापर्यंत काहीच होणार नव्हतं. त्यापेक्षा पट्टी खराब निघाली असती तर तासाभरात दुसरी आणली असती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपली वस्तू वाईट असती तर बरं झालं असतं.

बारा वाजून गेले. बायको जेवायला बोलवायला आली. आम्ही दोघं उघड्या डब्याभोवती तोंड पाडून बसलेलो. मशीन बंद, वायर काढलेली, दोन्ही पट्ट्या पुन्हा आपापल्या जागी घातलेल्या.

"काय झालं?"

बिट्टीने सांगितलं. बायकोने गुडघा सांभाळत खाली वाकून आत बघितलं. तिला यंत्रातलं काही कळत नाही, पण तीस वर्षं तिने तिकिटावर शिक्का सरळ पडला की वाकडा ते बघितलं आहे.

"हे तिरकं कसं?"

"तिरकं नाही ते," मी म्हटलं.

"अहो, लाल आहे ना, तिची ही बाजू वर आहे. केसभर. काळी बघा कशी बुडाशी टेकलीय."

बिट्टीने मान वाकडी केली. मीही केली. केसभर म्हणजे खरंच केसभर. त्या खाचेला पट्टी पकडणारी चिमटी एकाच बाजूला होती, ती नीट लागलेली दिसत होती. दुसऱ्या बाजूला चिमटीच नव्हती, त्यामुळे तिकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"वायर काढलीय ना?" बायकोने विचारलं आणि अंगठा पुढे केला.

"हात लावू नकोस!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"का? फुटेल?"

तिने अंगठा पट्टीवर ठेवला आणि पोस्टात शिक्क्यावर द्यायची तसा भार दिला. हिरवा बोर्ड खाली वाकलेला मला दिसला. मी डोळे मिटले.

कट्!

असा आवाज त्या डब्यातून यापूर्वी कधी आला नव्हता. मी पट्टी बसवली तेव्हा नाही, बिट्टी रोज दोनदा बसवायची तेव्हाही नाही.

बिट्टी उठली आणि खणातून तो सूचनांचा कागद शोधून काढला. तिसऱ्या चित्राखाली लिहिलं होतं, आवाज येईपर्यंत दोन्ही बाजूंनी घट्ट दाबा. मी ते वाचलं होतं. मला चांगलं आठवतं, वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं की ही सूचना दांडगट लोकांसाठी असणार. आपल्यासारख्याने अलगदच ठेवावी.

"मीही कधी दाबली नाही," बिट्टी हळूच म्हणाली. "बाबांसारखीच टेकवायची. काळीच्या खाचेत चाललं, कारण ती दुकानात कुणीतरी आधी दाबून सैल केलेली होती. ही खाच नवी होती, घट्ट."

"म्हणजे पाच महिने," बायको म्हणाली, "तुम्ही दोघं बापलेक त्या पट्टीला नुसतं कुरवाळत होतात."

तिने दुसऱ्या पट्टीवरही अंगठा दाबला, काही राहिलं असेल तर असू दे म्हणून, आणि हात पुसत आत गेली. "भात निवतोय," आतून आवाज आला.

जेवण कसंबसं उरकून प्रोग्रॅम लावला. मी स्क्रीनसमोरून हललो नाही. पहिली फेरी निर्मळ. दुसरी निर्मळ. बिट्टीने मग कवळी उघडली, वरची आणि खालची, अठ्ठावीस दात एकदम, आणि सगळा जबडा स्क्रीनवर सावकाश फिरवला. निळं काही झालं नाही. तिने माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताने माउस फिरवत राहिली.

साडेपाचला मी वही काढली. बायको मुद्दाम शेजारी येऊन उभी राहिली.

"लिहा. सगळं लिहा. दिसेल ते, वाटेल ते नाही."

मी लिहिलं. 'पट्टी निर्दोष. खाच निर्दोष. दोष बसवणाऱ्याचा, दाब कमी. दाब दिला: हिने.' सही केली. ती म्हणाली तिचीही सही हवी. तिने केली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

शुक्रवारी पाचला दहा कमी असताना फाइल गेली. अर्ध्या तासाने बाईंचा फोन आला. स्पीकरवर.

"उघडली. चांगली झालीय," त्या म्हणाल्या. "वेळेआधी आली म्हणजे मशीन सुधारलं वाटतं. कुणी केलं?"

"आईने," बिट्टी म्हणाली.

"मग राहा तिथेच. आणि आईला म्हणावं, इकडची दोन मशीनं रुसलीत, सवड झाली की या."

बायकोने हे रात्रीपर्यंत शेजारच्या तीन घरांत सांगितलं.

शनिवारी सकाळी उठलो तेव्हा वाटलं, आता वहीचं काय? रोग गेला, नोंद संपली. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. साडेआठला पाच मिनिटं असताना आतून बिट्टीची हाक आली, "बाबा, येताय ना?"

"कशाला? चांगलं चाललंय की आता."

"चांगलं चाललंय तेही लिहायचं असतं, तुम्हीच सांगता."

मी गेलो. मशीन चालू होतं, स्क्रीनवर कुणाचा तरी पुढचा दात होता. सवयीने मान डब्याकडे वळली होती. ती तशीच फिरवली आणि आधी तिच्याकडे बघितलं. केस वर बांधलेले, चहाचा कप कोपराजवळ नको तिथे ठेवलेला, नजर दातावर. स्वयंपाकघरात कपाटाचं दार धाडकन आदळलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मी 'हळू' म्हटलं नाही.

पेन्सिलीला नवं टोक केलेलं होतं. तारीख घातली, तापमान लिहिलं, पडल्याच्या रकान्यात शून्य. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'साडेआठ. लेक जागेवर.'